काय अडले आहे?

घाऊक कापडाच्या व्यापारातील एखादी पेढी डोळ्यांपुढे आणावी. तीन पिढ्यांचा व्यवहार, बाजारात उत्तम पत. आषाढातील एका संध्याकाळी घरातील मंडळी एकत्र बसून निर्णय घेतात. बाजारपेठेबाहेर नवे गोदाम घ्यायचे, सारा माल तिकडे हलवायचा, प्रत्येक ताग्याला बारकोड लावून साठ्याची नोंद संगणकावर आणायची आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर नव्या गोदामातून पहिला माल रवाना करायचा. बँकेकडून २० लाख रुपयांचे कर्ज मंजूर होते. एम.बी.ए. होऊन आलेल्या धाकट्या चिरंजीवांकडे सूत्रे सोपविली जातात. मुनीमजी, गोदाम सांभाळणारा जुना माणूस, विक्रीवरील मंडळी, हमाल या सर्वांना कामे वाटून दिली जातात.

श्रावणात शेठ सहज विचारतात, ‘मुनीमकाका, काम कुठवर आले?’ उत्तर येते, ‘होईल, शेठ.’ भाद्रपदात पुन्हा तोच प्रश्न आणि तेच उत्तर. आश्विन उजाडतो तेव्हा कळते, की निम्म्या मालाचीही नोंद झालेली नाही. दसरा जातो, दिवाळीच्या गर्दीत काम बाजूला पडते. नव्या गोदामात अर्धा माल, जुन्या गोदामात अर्धा, आणि कोणता माल कोठे आहे हे एका माणसाच्या स्मरणावर अवलंबून. गिऱ्हाईक खोळंबते. चिरंजीव म्हणतात, जुनी माणसे बदलायला तयार नाहीत. जुनी माणसे म्हणतात, पोराला बाजार कळत नाही. शेठ दोघांवरही रागावतात आणि जेवणाच्या ताटावरही घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही.

हे चित्र कोण्या एका पेढीचे नव्हे. तपशील बदलतात; ‘होईल’ हा शब्द मात्र बहुतेक ठिकाणी ऐकू येतो. या शब्दाची किंमतही मोजता येते. २० लाखांच्या कर्जावर दरसाल १० टक्के दराने महिन्याचे व्याज सुमारे १६,६६७ रुपये होते. काम तीन महिने लांबले, तर ५० हजार रुपये केवळ व्याजात गेले. दोन गोदामांचे भाडे, दुहेरी हमाली आणि परत गेलेले गिऱ्हाईक यांचा हिशेब वेगळाच. माणसे सुटी घेतात. व्याज घेत नाही. मग इतके महाग पडणारे ‘होईल’ तोंडातून का निघते, आणि ते थांबवायचे कसे, हा प्रश्न प्रत्येक व्यापारी घराच्या जिव्हाळ्याचा आहे.

त्याचे एक उत्तर आपल्याच परंपरेत, अबूच्या डोंगरावर आहे. गुजरातेतील धोळक्याचे राणा वीरधवल यांचे मंत्री वस्तुपाल आणि तेजपाल हे बंधू. लूणिग या दिवंगत भावाच्या स्मरणार्थ त्यांनी देलवाड्यास भगवान नेमिनाथांचे मंदिर उभारले, तेच लूणवसही. त्याची प्रतिष्ठा इसवी सन १२३० मधील. शिल्पकामाचे सूत्रधार होते शोभनदेव. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर संगमरवर चढवून न्यायचा आणि तेथे तो फुलाच्या पाकळीइतका पातळ कोरायचा, असे ते काम. धनाची वाण नव्हती, कारागीर निवडक होते, तरीही काम मंद गतीने चालले होते.

प्रबंध-वाङ्मयातून चालत आलेली कथा अशी. काम पुढे सरकत नाही हे पाहून तेजपाल अस्वस्थ झाले. त्यांच्या पत्नी अनुपमादेवी यांनी कारण शोधण्याचे मनावर घेतले आणि सूत्रधारालाच विचारले, की विलंब कशाने होतो? तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. डोंगरावरील कडाक्याच्या थंडीत सकाळी कारागिरांची बोटे चालत नसत. दुपारी हात जरा मोकळे होत, तोच स्वयंपाकासाठी हत्यारे खाली ठेवावी लागत, कारण प्रत्येकजण आपले अन्न आपणच शिजवी. दिवसाचा उत्तम भाग असाच निघून जाई. अनुपमादेवींनी कोणालाही बोल लावला नाही. कारागिरांच्या भोजनाची व्यवस्था पेढीकडे घेतली आणि दिवसा काम करणारे व रात्री काम करणारे असे वेगळे संच केले. आयुष्य आणि अधिकार दोन्ही क्षणभंगुर आहेत, म्हणून हाती घेतलेले धर्मकार्य लवकर पुरे व्हावे, ही त्यांची तळमळ होती. कथेचे तपशील निरनिराळ्या ग्रंथांत थोडेफार वेगळे असतील. सार मात्र एकच. काम वेगाने पुढे गेले आणि जे उभे राहिले ते आजही जग पाहावयास येते.

या कथेकडे बहुधा दानशूरतेची कथा म्हणून पाहिले जाते. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिल्यास तिच्यात तीन गोष्टी दिसतात. पहिली अशी, की ‘काम कुठवर आले?’ या प्रश्नापाशी अनुपमादेवी थांबल्या नाहीत. ‘काय अडले आहे?’ असे त्यांनी विचारले. पहिल्या प्रश्नाला ‘होईल’ हे उत्तर पुरते. दुसऱ्याला पुरत नाही. दुसरी गोष्ट, हा प्रश्न त्यांनी प्रत्यक्ष काम चालविणाऱ्याला विचारला. दरबारातील सल्लागारांना नव्हे. आणि तिसरी, जो अडथळा निघाला तो दूर करणे कारागिरांच्या हातात नव्हतेच. थंडी आणि चूल यांवर उपाय मालकच करू शकत होते. कामगारांच्या आळसाचा म्हणून जो दोष दिसत होता, तो वस्तुतः व्यवस्थेचा दोष होता.

सात शतकांनंतर देशाच्या दक्षिण टोकाला हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडली. डिसेंबर १९६४ मधील चक्रीवादळाने रामेश्वरमला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा रेल्वेपूल उद्ध्वस्त केला. पुलाच्या बहुतेक लोखंडी तुळया समुद्राने ओढून नेल्या. दुरुस्तीसाठी प्रथम सहा महिन्यांची मुदत ठरली, पुढे ती तीन महिन्यांवर आणली गेली. हे काम ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याकडे आले. तेव्हा त्यांचे वय ३२ वर्षांचे होते. नव्या तुळया घडवून आणायच्या, तर महिनेच्या महिने जाणार होते. परंतु वाहून गेलेल्या तुळया समुद्रात कोठे पडल्या आहेत, हे स्थानिक मच्छीमारांना ठाऊक होते. त्यांच्या माहितीचा आधार घेऊन जुन्या तुळया वर काढण्यात आल्या, पुन्हा बसविण्यात आल्या, आणि पूल ४६ दिवसांत सुरू झाला. कार्यालयातील कोणत्याही नकाशात नसलेली माहिती किनाऱ्यावरच्या माणसापाशी होती. ती ऐकणारा कान मिळाला, म्हणून महिने वाचले.

पुढे १९९० साली स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाची धुरा याच श्रीधरन यांच्याकडे आली. रोह्यापासून मंगळूरजवळील ठोकुरापर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग सह्याद्रीच्या कुशीतून, नद्या आणि खाड्या ओलांडून न्यायचा होता. कठीण खडकातील बोगदे यंत्रांनी फोडले. परंतु काही बोगद्यांत भुसभुशीत, पाणी धरलेली माती लागली. गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात केलेले काम पुनःपुन्हा ढासळत राहिले, आणि असल्या बोगद्यांनी माणसांचे बळीही घेतले. ठरलेली मुदत उलटून गेली. संपूर्ण मार्गावर गाडी धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की उत्तम नेतृत्व असूनही मुदत चुकू शकते. माती कोणाचा हुकूम मानत नाही. अशा वेळी अडचण लपविली, तर पैसा आणि माणसे दोन्ही धोक्यात येतात. ती उघड मांडली, तर निदान उपाय शोधता येतो. मुदत पाळणे हा गुण आहे. मुदत पाळली जात नाही हे वेळेवर सांगता येणे, हा त्याहून मोठा गुण.

आता पुन्हा त्या कापडाच्या पेढीवर यावे. तेथे नेमके काय अडले होते?

संगणकाला प्रत्येक मालाचे एकच नाव लागते. पेढीवर मात्र एकाच कापडाला तीन नावे होती. मुनीमजींच्या वहीत ते गिरणीच्या नावाने लिहिलेले. गोदामातला माणूस ते गाठीच्या नंबराने ओळखणारा. विक्रीवरील मंडळी गिऱ्हाइकांच्या तोंडी रुळलेल्या नावाने ते मागणारी. तिघेही बरोबर होते आणि तिघांपैकी एकाजवळही पूर्ण यादी नव्हती. हत्ती आणि चाचपडणारी माणसे यांची गोष्ट आपण अनेकांत समजावून सांगताना मुलांना सांगतो. गोदामात मात्र ती विसरतो. तिघांना एका टेबलाभोवती चार दिवस बसविले असते, तर तीन नावांची एक यादी तयार झाली असती. चिरंजीवांना ही अडचण कळलीच नाही, कारण त्यांनी प्रत्येकाला स्वतंत्रपणे काम दिले आणि स्वतंत्रपणेच जाब विचारला.

दुसरी अडचण पंचांगातील होती. आषाढात आखलेल्या ६० दिवसांच्या कामात पर्युषणाचे दिवस धरलेच नव्हते. श्वेतांबर परंपरेचे आठ दिवस, दिगंबर परंपरेचे दशलक्षणाचे दहा दिवस, त्याच सुमारास गणेशोत्सव. घरची मंडळी आराधनेत, गडी गावी गेलेले. कागदावर जे ६० दिवस होते, ते प्रत्यक्षात जेमतेम ४० उरले. दरवर्षी येणारी गोष्ट नियोजनात न धरणे ही चूक. पण ती आषाढातच सांगण्याचे धाडस कोणी केले नाही. शेठ उत्साहात होते, त्यांना नाराज कोण करणार?

तिसरी अडचण सर्वांत खोल होती. साठ्याची मोजणी सुरू झाली, तेव्हा वहीतील आकडा आणि प्रत्यक्ष तागे यांत फरक निघू लागला. कोठे दोन तागे कमी, कोठे एक जास्त. वर्षानुवर्षांच्या घाईगर्दीत राहून गेलेल्या नोंदी, परत आलेला माल, नमुन्यासाठी दिलेले तुकडे. ३० वर्षे ज्यांच्या शब्दावर पेढी चालली, त्या मुनीमजींना हे उघड करताना वाटले असेल, की आता या वयात आपल्या इमानावर बोट ठेवले जाईल. शिवाय संगणक आला की आपली गरज संपेल, ही धास्ती वेगळीच. मग हात आपोआप मंदावतो आणि तोंडातून निघते, ‘होईल, शेठ.’ हा शब्द आळसातून येत नाही. तो भीतीतून येतो.

आपल्या धर्मात अभयदानाला दानांत श्रेष्ठ मानले आहे. जीवमात्राला भयमुक्त करणे हा त्याचा मूळ आणि विशाल अर्थ. परंतु ज्या घरात पांजरपोळासाठी मुक्त हस्ताने दिले जाते, त्याच घरच्या पेढीवर एखादा प्रामाणिक माणूस चूक सांगायला घाबरत असेल, तर त्या दानाचा एक लहानसा अंश त्याच्याही वाट्याला यायला हवा. काम हाती घेतानाच मालकाने सर्वांसमक्ष सांगावे, ‘मोजणीत फरक निघणारच. निघेल तो त्याच दिवशी लिहा. त्यासाठी कोणाला दोष लागणार नाही.’ एवढ्या एका वाक्याने जे साधते, ते दहा वेळा रागावून साधत नाही. कामावरून कमी करण्याची भीती असेल, तर तीही आधीच दूर करावी. ‘काका, संगणक नोंद ठेवील, माल ओळखायचा तुम्हीच,’ असे म्हणण्यात काहीही खोटे नाही.

मात्र अभय म्हणजे मोकळीक नव्हे. चूक आणि लबाडी यांत भेद केलाच पाहिजे. चूक सांगितली जाते. लबाडी लपविली जाते. म्हणून मोजणी नेहमी दोघांनी करावी, एकाने मोजावे आणि दुसऱ्याने लिहावे, आणि अधूनमधून तिसऱ्याने काही तागे पुन्हा मोजून पाहावेत. अशी पद्धत प्रामाणिक माणसाचा अपमान करीत नाही; उलट त्याला संशयापासून वाचविते.

यापुढचे सारे उपाय साधे आहेत. मोठ्या कामाचे आठ-दहा दिवसांचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्यापुढे एकाच माणसाचे नाव लिहावे. ‘सर्वांनी मिळून’ असे लिहिलेले काम कोणाचेच नसते. ही यादी चिरंजीवांच्या लॅपटॉपमध्ये न राहता गोदामाच्या भिंतीवर, मोठ्या अक्षरांत, मराठीत असावी. तारीख ठरविण्यापूर्वी ज्याने काम करायचे त्याला विचारावे, की यास किती दिवस लागतील. त्याने स्वतः सांगितलेली तारीख त्याला बांधून ठेवते, लादलेली तारीख ठेवीत नाही. सणवार, लग्नसराई, पावसाचे दिवस आधीच वजा करावेत. एकाच वेळी सारा माल हलविण्याऐवजी प्रथम एकाच जातीचे कापड न्यावे, त्याची नोंद, विक्री आणि बिल सुरळीत होते का ते पाहावे, मग पुढचे न्यावे. चिरंजीवांची चूक दाखवायची असेल, तर ती घरी, एकांतात, नोकरांदेखत नव्हे. आणि मुनीमजींची चूक तर त्यांच्याही देखत कधी नव्हे, असे वाटेल. परंतु तीही आदराने, खुर्ची देऊन, सांगता येते.

यांत सर्वांत उपयोगाचा ठरतो तो रोजचा पाव तास. दुकान आवरण्याआधी, चौविहार करणाऱ्यांची वेळ सांभाळून, कामातील सर्वांनी उभ्या उभ्या जमावे. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगाव्यात : आज काय झाले, उद्या काय करणार, आणि काय अडले आहे. या बैठकीत कोणी कोणाला जाब विचारू नये. अडलेल्या गोष्टी मालकाने आपल्या वहीत लिहाव्यात आणि दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी त्यांपैकी किती सुटल्या ते सांगावे. मालकच आपला हिशेब प्रथम देऊ लागला, की इतरांना तो देण्याचा संकोच वाटत नाही.

ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. प्रतिक्रमणात आपण दिवसाकडे मागे वळून पाहतो, ते दुसऱ्याचे दोष मोजण्यासाठी नव्हे, आपले दोष ओळखण्यासाठी. संवत्सरीला धाकट्यांचीही क्षमा मागण्यात आपल्याकडे कमीपणा मानीत नाहीत. वर्षातून एकदा घराघरांत जे घडते, त्याची छोटी आवृत्ती रोज पेढीवर घडली, तर चुका साचून डोंगर होणार नाहीत. ‘हे माझ्या ध्यानात आले नाही, मुनीमकाका, मला आधी विचारायला हवे होते,’ एवढे शेठ एकदा म्हणाले, तर पेढीवरची हवा बदलते.

काम पुरे झाल्यावरही एक गोष्ट उरते. यशाचे श्रेय बहुधा घरातील नावांना मिळते आणि अपयशाचे खापर पगारी माणसांच्या माथी फुटते. नव्या गोदामातून पहिला माल निघताना शटर वर करण्याचा मान मुनीमजींना आणि गोदामातील त्या जुन्या माणसाला द्यावा. त्याला खर्च काही येत नाही. परंतु पुढच्या वेळी एखादे मोठे काम निघेल, तेव्हा तीच माणसे अडचण घेऊन आपण होऊन पुढे येतील.

दसरा हुकला, दिवाळी गेली, तरी त्या पेढीचे काही बुडालेले नाही. माल आहे, माणसे आहेत, पतही आहे. कार्तिकातील एखाद्या निवांत दुपारी शेठनी गादीवरून उठून मुनीमजींच्या शेजारी जाऊन बसावे. काम कुठवर आले, हे या वेळी विचारू नये. चहा मागवावा, आणि शांतपणे म्हणावे, ‘मुनीमकाका, काय अडले आहे?’ मुनीमजी क्षणभर गप्प राहतील. चष्मा काढतील, पुसतील, पुन्हा लावतील. मग टेबलाच्या खणातून आजवर कोणाला न दाखविलेला, फरकाच्या आकड्यांचा कागद बाहेर काढतील. तो कागद समोर आला, की खरे काम तेथून सुरू होईल.